उशाशी बसलेली बाई

(भिवंडी येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



भिवंडीत रात्र कधी पूर्ण शांत होत नाही. शांतीनगर असो, गायत्रीनगर असो, की धामणकर नाक्याच्या आसपासच्या गल्ल्या असोत, यंत्रमागांची खटखट भिंतीपलीकडून येतच राहते. त्या आवाजातच एखाद्या छोट्या खोलीत मध्यरात्री एका बाईला कळा सुरू होतात. नवरा रात्रपाळीला गेलेला असतो. सासू गोरखपूरकडे, नाहीतर करीमनगरकडे असते, आई आणखी कुठेतरी. शेजारीण धावते, रिक्षा आणते, दवाखान्यापर्यंत पोहोचवते. मग लेबर रूमचे दार लागते. बाई आत जाते आणि शेजारीण बाहेर बाकावर थांबते. पुढचे आठ, दहा, बारा तास त्या बाईच्या आयुष्यातले सर्वांत मोठे श्रम चालणार असतात. त्या तासांत तिच्या उशाशी कोण बसलेले असते?

आजच्या व्याख्यानाचा विषय हा एवढाच प्रश्न आहे.

मराठी घरांनी या प्रश्नाचे उत्तर रीत म्हणून ठरवून ठेवले होते. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झाले की पहिलटकरीण आईकडे जाई. तिथे आई, मावशी, काकू आणि लहानपणापासून पाहिलेली सुईण असे. सासरी कण्हायचीसुद्धा चोरी होती, माहेरी ओरडले तरी कुणी नाव ठेवत नव्हते. पण भिवंडी हे मुळात दुरून आलेल्यांचे गाव आहे. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून मोमीन विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली आले, पुढे उत्तर प्रदेश-बिहारमधून मागांवर काम करणारे आले. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. यातल्या कित्येक घरांतल्या सुनांसाठी माहेर म्हणजे दीड दिवसाचा रेल्वेप्रवास. दिवस भरत आलेली बाई तो करू शकत नाही, आणि तिच्या आईला तिकडचे घर सोडवत नाही. तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर माहेर जवळ असते, पण रस्ता नसतो.

बाळंतपणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या पहिल्या मराठी स्त्रियांपैकी एक भिवंडीच्या शेजारचीच होती. दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण. तिथल्या जोशी घराण्यात यमुना वाढली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. हीच आनंदीबाई पुढे अमेरिकेत गेली आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. पदवीसाठी तिने निवडलेला विषय होता प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. जगातले कोणतेही दुखणे निवडता आले असते, तरी तिने बाळंतपण निवडले. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक झाली होती. मात्र ते काम हाती घेण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, तिने जगाचा निरोप घेतला.

आनंदीबाईंच्या विषयाचा एक मूळ आधार चरकसंहिता. तिच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात प्रसूतीचे वर्णन आहे, ते आजच्या नर्सनेही वाचावे असे आहे. बाळंतिणीजवळ कोणत्या बायका असाव्यात, हे तिथे आधी ठरवले आहे. ज्यांची स्वतःची बाळंतपणे झाली आहेत, ज्या मायाळू आहेत, सतत जवळ राहतील, कामात तरबेज आहेत, स्वतः खचणार नाहीत आणि कष्ट सोसतील अशा. त्यानंतर उपाय येतात. कोमट तेल लावून कंबर, कुशी, पाठ आणि मांड्या हलक्या हाताने चोळाव्यात. बाईने अधूनमधून चालावे. कळ आलेली नसताना जोर करू नये, कारण तो जोर वाया जातो. आधी हळू आणि मग वाढता जोर करावा. त्या काळी कळा वाढाव्यात म्हणून बाईला मुसळाने धान्य कांडायला लावायची पद्धत होती. ग्रंथात त्यावर वाद मांडला आहे आणि त्यातले आचार्य आत्रेय यांनी ती पद्धत स्पष्टपणे नाकारली आहे. थकलेल्या बाईला आणखी दमवायचे नाही, हा विचार तिथे आहे.

२०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतिकाळातल्या काळजीबद्दल ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत बाईच्या पसंतीची सोबतीण आहे, मालीश आणि गरम शेक आहे, हिंडण्याफिरण्याची मुभा आहे, आणि जोर करण्याची ऊर्मी आल्यावर बाईने त्या ऊर्मीप्रमाणे जोर करावा हेही आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर मधली अनेक शतके गळून पडल्यासारखी वाटतात.

या दोन याद्यांच्या मधल्या काळात खेडोपाडी हे काम सुईण करत होती. तिला अक्षर येत नव्हते, पण हाताला पोट कळत होते. पोटावर तळवा ठेवून ती डोके वर आहे की खाली हे सांगे. कळा खऱ्या की खोट्या, हे ती बाईच्या चेहऱ्यावरून ओळखे. ती बाईला उताणी निजवत नसे. उकिडवे बसवी, खांबाला धरून उभे करी, आढ्याला बांधलेला दोर हातात देई. एक बाई पाठीशी बसे, तिच्या अंगावर बाळंतीण रेले. शेगडीवर फडके गरम करून कंबर शेकली जाई. आणि सुईण उठून जात नसे. सुटका होईपर्यंत, वार पडेपर्यंत, बाळ अंगावर घेईपर्यंत ती तिथेच असे.

याच सुईणीच्या काळात बायका मोठ्या संख्येने मेल्या, हेही इथे स्वच्छ सांगितले पाहिजे. विळ्याने नाळ कापली जाई आणि त्यावर राख लावली जाई, त्यातून बाळाला धनुर्वात होई. न धुतलेला हात आत जाई. रक्त वाहू लागले की सुईणीजवळ उपाय नसे. बाई अडली की गाव नुसते बघत राही. आणखी एक दुखरी गोष्ट अशी की बाळाला पहिला हात लावणारी ही बाई बहुधा समाजाने खालच्या पायरीवर ठेवलेल्या जातीतली असे. बाळंतपणाचा विटाळ तिने उचलायचा, पाचवीला आणि बारशाला तिला धान्य आणि लुगडे द्यायचे, पण स्वयंपाकघराचा उंबरठा मात्र तिने ओलांडायचा नाही. म्हणून तिच्या ज्ञानाची ना कुणी नोंद घेतली, ना ते वेळीच सुधारले. १९०३मध्ये व्हाइसरॉयपत्नी लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया स्मारक निधीतून सुईणींच्या शिक्षणाची योजना आखली. स्वातंत्र्यानंतर सरकारने पाच स्वच्छता शिकवल्या. हात, जागा, पाते, दोरा आणि नाळ स्वच्छ. पुढे जामखेडला आरोळे दांपत्याने आणि गडचिरोलीत डॉ. राणी व अभय बंग यांनी खेड्यातल्या निरक्षर बायकांना शिकवून दाखवले, की नीट शिकवले तर हेच हात जीव वाचवतात.

आता वेदनेच्या मुळाशी जाऊ.

बाळंतपणात गर्भपिशवीचा स्नायू आकसतो, तीच कळ. पिशवीचे तोंड हळूहळू दहा सेंटिमीटरपर्यंत उघडते. या कामाला ऑक्सिटोसिन हे संप्रेरक लागते, आणि ते बाई निश्चिंत असेल तेव्हा चांगले स्रवते. भीती वाटली की शरीर ॲड्रेनलिन सोडते. वाघ दिसला की पळता यावे म्हणून रक्त हातापायांकडे धावते आणि पोटाकडचे कमी होते. स्नायू ताठ होतात, ताठ स्नायू जास्त दुखतो, आणि जास्त दुखले की भीती वाढते. हे चक्र इंग्लंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३च्या आपल्या पुस्तकात मांडले. ते सुचायला कारण झाली लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीतली एक बाई. तिने क्लोरोफॉर्म घ्यायला नकार दिला आणि शांतपणे बाळंत झाली. सगळ्याच बायकांना कळा सारख्याच का दुखत नाहीत, हा प्रश्न डिक-रीड यांनी त्यानंतर सोडला नाही.

१९५१मध्ये फ्रान्सचे डॉ. फेर्नां लमाझ सोव्हिएत रशियात गेले. तिथे त्यांनी श्वास आणि स्नायू सैल सोडण्याचे शिक्षण घेतलेल्या बायका बाळंत होताना पाहिल्या. परतल्यावर त्यांनी ही पद्धत पॅरिसमध्ये सुरू केली, तीही धातुकामगारांच्या संघटनेने चालवलेल्या प्रसूतिगृहात. आज मुंबईत ‘लमाझ क्लास’ म्हटले की एसी हॉल, गाद्या आणि भारी फी डोळ्यांपुढे येते. पण या विद्येचा पत्ता पाहिला तर तो व्हाइटचॅपलच्या गरीब वस्तीचा आहे, पॅरिसच्या लोहार-फिटरांच्या दवाखान्याचा आहे. मागवाल्यांच्या भिवंडीत ती परकी ठरायचे कारण नाही. ती मुळात अशाच वस्त्यांसाठी वाढली.

तिसरा पत्ता ग्वातेमालाचा. तिथल्या एका गर्दीच्या सरकारी रुग्णालयात नातेवाइकांना आत सोडत नसत. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या डॉक्टरांच्या पथकाने काही बाळंतिणींजवळ एक साधी बाई बसवली. ती नर्स नव्हती आणि नात्यातलीही नव्हती. तिने पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचे आणि उठून जायचे नाही. १९८०मध्ये हा अभ्यास छापून आला. सोबतीण असलेल्या बायका दाखल झाल्यापासून सरासरी ८.८ तासांत सुटल्या, एकट्या असलेल्यांना १९.३ तास लागले. हा अभ्यास लहान होता, चाळीसच बायकांचा, म्हणून त्यावर विसंबून चालणार नव्हते. पुढे अनेक देशांत मोठे अभ्यास झाले. २०१७मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांवरच्या २६ चाचण्यांची माहिती एकत्र केली. फरक ग्वातेमालाइतका मोठा दिसला नाही, पण ठाम दिसला. सलग सोबत मिळालेल्या बायकांची सीझरची शक्यता सुमारे चतुर्थांशाने कमी झाली, प्रसूती सरासरी चाळीसेक मिनिटांनी लवकर झाली, वेदनाशामक औषधे कमी लागली, आणि बाळंतपणाची कडू आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायकाही कमी झाल्या.

ही सोबतीण नेमके काय करते, ते सावकाश पाहिले पाहिजे.

सगळ्यात आधी ती बाईला वेळेचा हिशेब सांगते. कळा चांगल्या सुरू झाल्यावरही एक कळ पाऊण-एक मिनिट टिकते आणि मग दोन-तीन मिनिटे उसंत मिळते. म्हणजे तासातली पंधरा-वीस मिनिटे दुखण्याची आणि बाकीची विश्रांतीची. घाबरलेली बाई ही विश्रांती घेतच नाही. पुढच्या कळेची वाट पाहत ती ताठ राहते आणि जोर करायची वेळ येईपर्यंत गळून जाते. “गेली कळ, आता सोड अंग” हे कुणीतरी दर वेळी म्हणावे लागते. दहा तासांत ते शेकडो वेळा म्हणावे लागते. तीन-तीन खाटा सांभाळणाऱ्या सिस्टरला ते कितीही वाटले तरी जमत नाही.

मग श्वास. नाकाने सावकाश आत, आणि तोंडाने त्याहून सावकाश बाहेर. गरम चहावर घालावी तशी फुंकर. उच्छ्वास लांबला की हृदयाची धडधड उतरते. भीतीने भराभर श्वास घेतला तर बोटांना मुंग्या येतात आणि चक्कर येते, बाईला वाटते आपले काहीतरी बिघडले. अशा वेळी सोबतीण तिच्या डोळ्यांत पाहून स्वतः संथ श्वास घेऊ लागते, आणि बाईचा श्वास हळूहळू तिच्या श्वासामागे जातो. शेवटी डोके दिसू लागले की सूचना बदलते. तेव्हा जोर थांबवून हलकेच ‘हा, हा’ करत श्वास सोडायचा, म्हणजे डोके एकदम न येता कातडीला ताणायला वेळ मिळतो आणि फाटणे कमी होते.

जबडा हे भीतीचे घर. दातावर दात घट्ट बसले की खांदे आणि मांड्याही आवळतात. म्हणून तोंड उघडे ठेवायचे, चिरकलेल्या किंकाळीऐवजी खालच्या पट्टीत हुंकार द्यायचा. आपल्याकडच्या अनेक दवाखान्यांत बाईला “आवाज करू नकोस” म्हणतात. खालच्या सुरातला कण्हण्याचा आवाज हे तिचे काम करण्याचे साधन आहे, तो दाबायचा नसतो. मुठी आवळून सोडणे, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू ताणून सैल करणे, हे अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रशुद्ध मांडले. मात्र ते कळा सुरू झाल्यावर शिकता येत नाही. सातव्या-आठव्या महिन्यापासून रोज दहा मिनिटे केले तर ऐनवेळी अंगाला आठवते.

स्पर्शाचे कारण १९६५मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी सांगितले. वेदनेचे संदेश मणक्यातल्या एका दारातून मेंदूकडे जातात, आणि चोळण्या-दाबण्याचे संदेश त्याच दारात गर्दी करून त्यांची वाट अडवतात. गुडघा आपटला की आपण तो आपसूक चोळतो, ते याचसाठी. कळ आली की कमरेच्या खालच्या सपाट हाडावर तळव्याने घट्ट दाब द्यायचा. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली तर सगळे दुखणे कमरेत उतरते, तेव्हा गुडघे आणि हात टेकून ओणवे राहिल्याने आराम पडतो. गरम पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके खालच्या अंगाला लावल्याने मोठ्या फाटण्या कमी होतात, हे चाचण्यांत सिद्ध झाले आहे.

आणि उभे राहणे. उताणी निजलेल्या बाईच्या पिशवीचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो, बाळाकडे जाणारे रक्त कमी होऊ शकते, आणि बाळाला उतरायला धरणीची ओढही मिळत नाही. पहिल्या टप्प्यात उभ्या-बसत्या-चालत्या राहिलेल्या बायकांचा हा टप्पा सरासरी एक तास बावीस मिनिटांनी लहान झाल्याचे २०१३च्या कॉक्रेनच्याच आढाव्यात दिसले. बाईला खाटेला खिळवणे ही डॉक्टरांची सोय आहे. काही वेळा ती सोय खरोखर लागते. रोज सगळ्यांसाठी लागत नाही.

मेल्झॅक यांनीच पुढे बाळंतवेदना मोजल्या. शिकून आलेल्या बायकांच्या वेदना कमी होत्या, पण संपलेल्या नव्हत्या. श्वास शिकला की दुखणारच नाही, असे सांगणारा माणूस बाईला फसवतो, आणि मग दुखले की ती स्वतःलाच दोष देते. जिला वेदनाशामक इंजेक्शन हवे तिला ते मागण्याचा हक्क आहे. अंगावरून भळभळा रक्त जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोके ठणकणे, झटके, ताप, हिरवे पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही दिसले की मालीश आणि फुंकर बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवायचे. चांगली सुईण तीच, जिला थांबण्याची आणि धावण्याची दोन्ही वेळ कळते.

मग अशी सुईण गेली कुठे?

स्वातंत्र्यानंतर गावोगावी एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसविका आल्या, त्या नावापासूनच प्रसविका होत्या. १९७३मध्ये कर्तारसिंग समितीने त्यांना बहुउद्देशीय कार्यकर्ती करण्याची शिफारस केली. चार वर्षांनी त्यांचा अभ्यासक्रम दोन वर्षांवरून दीड वर्षावर आला. लसीकरण, कुटुंबनियोजन, मलेरिया आणि रजिस्टरे त्यांच्या डोक्यावर आली. प्रसूती हे त्यांच्या अनेक कामांतले एक काम झाले. २००५मध्ये दवाखान्यातल्या बाळंतपणाला उत्तेजन देणारी जननी सुरक्षा योजना आली, बायका दवाखान्यात येऊ लागल्या, आणि गावची सुईण घरी बसली. याचे मोल फार मोठे आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झालेली दिसतात. २०१८-२०मध्ये राज्याचा मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. हे आकडे म्हणजे वाचलेल्या आया आहेत. कुणीही त्यांना घरच्या अंधाऱ्या खोलीत परत ढकलू नये.

पण त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दुसरा आकडाही आहे. राज्यात सीझरचे प्रमाण पाच वर्षांत २०.१वरून २५.४ टक्क्यांवर गेले. देशात सरकारी दवाखान्यांत ते १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के होते. अडलेल्या बाईसाठी सीझर हे वरदानच. मात्र दार बदलल्यावर शस्त्रक्रियेची शक्यता तिप्पट होते, तेव्हा त्याचे कारण सगळे बाईच्या शरीरात असू शकत नाही. घाईत, एकटेपणात आणि भीतीत अडखळलेली बाळंतपणेही त्यात आहेत. कळा वाढवणारी इंजेक्शने गरज नसताना देणे, वरून पोट दाबणे, चिडून घालूनपाडून बोलणे, हेही त्याच घाईतून येते. जागतिक आरोग्य संघटनेने पोट दाबण्याविरुद्ध स्पष्ट सांगितले आहे. शिवाय पिशवीचे तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत खरी वेगाची प्रसूती सुरूच होत नाही, आणि त्यानंतर ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे असा हट्ट धरू नये, असेही म्हटले आहे. पहिलटकरणीला हा टप्पा बारा तासांपर्यंत लागू शकतो.

सरकारने या दिशेने पावले टाकली आहेत, हे लोकांना पुरेसे माहीत नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये केंद्राने सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका बाईला राहू देण्याची सूचना काढली. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, पूर्ण वेळ थांबावे आणि कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणू नये, एवढ्याच अटी आहेत. जिथे आडोसा आहे तिथे नवऱ्यालाही राहता येते. डिसेंबर २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूमला पडदे आणि सोबतीण हे गुणवत्तेचे निकष झाले. डिसेंबर २०१८मध्ये देशात मिडवाइफरी सेवेचे मार्गदर्शन आले. प्रशिक्षित नर्सला दीड वर्षाचे स्वतंत्र शिक्षण द्यायचे, आणि गुंतागुंत नसलेली बाळंतपणे तिच्या देखरेखीखाली, डॉक्टर हाकेच्या अंतरावर ठेवून, होऊ द्यायची. शेजारच्या तेलंगणाने त्याआधीच, २०१७मध्ये, हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या मदतीने हे काम सुरू केले होते. भिवंडीतल्या अनेक पद्मशाली घरांच्या मूळ राज्यातली ही गोष्ट आहे.

भिवंडीत काय करता येईल, याची सुरुवात आजच्या सभेतल्या बायकांपासून होऊ शकते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या रांगेत बायका तासन् तास बसतात. तेवढ्या वेळात श्वास, अंग सैल सोडणे आणि कमरेवरचा दाब शिकवता येतो. गर्भवती बाईबरोबर तिची सोबतीणही त्या दिवशी यावी, म्हणजे दाब कुठे द्यायचा हे दोघींच्या हातांना कळेल. वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी नोंद करतानाच विचारावे, “तुमच्याबरोबर आत कोण येणार?” नाव आधीच ठरलेले असेल तर ऐनवेळी दारावर वाद होत नाही. जिला इथे कुणीच नाही तिच्यासाठी मोहल्ल्यातल्या चार अनुभवी बायकांनी पुढे यावे. ग्वातेमालातली ती सोबतीणही अनोळखीच होती.

भाषेची अडचण इथे खरी आहे. लेबर रूममध्ये उर्दू, भोजपुरी, तेलुगू, मराठी आणि आगरी बोली एकाच रात्री ऐकू येतात. कोल्हापूरकडून आलेल्या सिस्टरला प्रत्येकीची भाषा कशी यावी? पण लागणारे शब्द थोडे आहेत. मराठीत श्वास, हिंदी-उर्दूत साँस, तेलुगूत ऊपिरी. मराठीत भिऊ नकोस, तेलुगूत भयपडकु. अशा वीस शब्दांचा एक तक्ता भिंतीवर लागला तर अर्धे काम होईल. बाकीचे हात आणि डोळे करतात. कुणी कळ येताच आयतुल कुर्सी म्हणेल, कुणी विठ्ठलाचे नाव घेईल, कुणी यल्लम्माचे. पाठ असलेल्या शब्दांची संथ लय श्वासाला बांधून ठेवते, म्हणून त्यांना आडवे येऊ नये.

पुरुषांचेही काम आहे. मागमालकांनी कामगाराच्या घरी दिवस भरत आले की रात्रपाळी बदलून द्यावी आणि फोन खिशात ठेवू द्यावा. नवऱ्याने १०८ आणि १०२ हे दोन्ही नंबर भिंतीवर लिहावेत, फाइल आणि कपड्यांची पिशवी दाराशी तयार ठेवावी. पाड्यावरच्या बाईला पावसाळ्यात झोळीतून आणावे लागू नये म्हणून दिवस भरण्याआधीच तिला दवाखान्याजवळच्या नातलगाकडे आणून ठेवावे.

आणि प्रत्येक लेबर रूममध्ये, सरकारी असो वा खासगी, दोन खाटांमध्ये एक पडदा आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी एक स्टूल असावे. स्टूलला मोठी किंमत पडत नाही. या सभागृहातल्या मंडळींनी वर्गणी काढली तर शहरातल्या सगळ्या खाटांना ती सहज पुरतील. त्या स्टुलावर बसायला ज्या बायका तयार असतील, त्यांनी व्याख्यान संपल्यावर दाराशी ठेवलेल्या वहीत आपले नाव, मोहल्ला आणि येत असलेल्या भाषा लिहून जाव्यात. पुढच्या ९ तारखेला त्यांना बोलावणे जाईल.